सिस्टिन चॅपेल: पाठीवर झोपून नव्हे, एकट्याने तर नव्हेच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत रोममधील सिस्टिन चॅपेलच्या चित्रांवर आलेला लेख वाचला. मे 2025मध्ये नव्या पोपची निवड झाली तेव्हा त्या चॅपेलच्या धुराड्याकडे जगभरचे कॅमेरे लागले होते. तेव्हापासून मराठीतही या वास्तूबद्दल बरेच लिहून येते, हे चांगलेच. पण आपल्या लेखातली तीन विधाने विशेष खटकली. मायकेलअँजेलो चार वर्षे पाठीवर झोपून एकट्याने छत रंगवत होता. त्याचा खर्च पापमुक्तीची पत्रे विकून निघाला. आणि ही चित्रे ‘आपल्या अजिंठ्यासारखेच फ्रेस्को’ (म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेली चित्रे) आहेत. तिन्ही विधाने चुकीची आहेत. शिवाय लेखात पोप म्हणजे एक संतापी धनी आणि चित्रकार म्हणजे एक बंडखोर प्रतिभावंत, एवढेच नाते उरते. खरे नाते करारात, मुदतीत, भिंतीच्या तड्यात आणि गिलाव्यात अडकलेले आहे. पोपपद या चित्रांत नेमके कुठे बसले आहे हे पाहायचे तर आधी भिंत वाचावी लागते.

पहिली गोष्ट, हे गावातले चर्च नव्हे. पोप सिक्स्टस चौथा याने 1477 ते 1481 या काळात ते बांधून घेतले, आणि त्याच्याच नावावरून ‘सिस्टिन’. लांबी 40.9 मीटर, रुंदी 13.4 मीटर, उंची 20.7 मीटर. पोपच्या दरबाराच्या उपासनेची ही जागा. कोरीव संगमरवरी जाळीने तिचे दोन भाग केलेले: वेदीच्या बाजूला पोप, कार्डिनल आणि बडे धर्माधिकारी, जाळीच्या अलीकडे इतर मंडळी. म्हणजे चित्रांचा प्रेक्षक ठरलेला होता. पोपचे ऐकायचे की त्याच्याविरुद्ध धर्मसभा बोलवायची, हे ज्यांच्या हाती होते, तीच माणसे या बाकांवर बसत. अशा खोलीतली चित्रे निव्वळ शोभेची असतील असे मानणे भोळेपणाचे आहे.

मायकेलअँजेलोच्या छतामुळे खालच्या भिंतींकडे कुणाचे लक्षच जात नाही. आपल्या लेखातही त्यांना अर्धे वाक्य मिळाले आहे. 27 ऑक्टोबर 1481 रोजी कोझिमो रोसेल्ली, बोत्तिचेल्ली, गिर्लांदायो आणि पेरुजिनो या चौघांशी करार झाला. बायबलच्या जुन्या आणि नव्या करारातले दहा प्रसंग, त्यांच्याखाली रंगवलेले पडदे, आणि मुदत 15 मार्च 1482. तयार झालेल्या पहिल्या चार चित्रांचे मूल्यमापन जानेवारी 1482मध्ये झाले आणि दर ठरला चित्रामागे 250 ड्यूकट. एका ड्यूकटमध्ये साधारण साडेतीन ग्रॅम सोने धरले तर हिशेब लागतो. चार वेगवेगळे चित्रकार एकाच वेळी लागलेले, म्हणून क्षितिजाची पातळी, आकृत्यांची उंची आणि सोन्याचा वापर यांवर आधीच एकवाक्यता झालेली दिसते. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने सांगितलेला एक किस्सा या कामाभोवतीच फिरतो: रोसेल्लीने आपले कच्चे रेखाटन झाकायला सोने आणि निळा रंग सढळ हाताने थापला, बाकीचे त्याला हसले, आणि पोपला नेमके तेच सर्वांत आवडले. किस्सा खरा असो वा नसो, पैसे देणाऱ्याची नजर कुठे असते हे तो बरोबर सांगतो.

वेदीकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या भिंतीवर मोशेचे प्रसंग, उजवीकडे ख्रिस्ताचे. समोरासमोरची चित्रे जोडीने वाचायची. त्यातली एक जोडी जवळून पाहावी. डावीकडे बोत्तिचेल्लीचे कोरहच्या बंडाचे चित्र आहे. कोरह आणि त्याचे साथीदार मोशे आणि त्याचा भाऊ, महायाजक अहरोन यांच्या अधिकाराला आव्हान देतात. उजव्या टोकाला जमाव मोशेवर दगड उगारतो आहे, मध्यभागी बंडखोरांची धुपाटणी हवेत भिरकावली जात आहेत, डाव्या टोकाला जमीन दुभंगून त्यांना गिळते आहे. आता अहरोनच्या डोक्याकडे पाहावे: त्यावर चक्क पोपचा तिहेरी मुकुट आहे. मागे कॉन्स्टंटाइनच्या कमानीसारखी रोमन कमान, आणि तिच्यावर लॅटिन लेख. त्याचा अर्थ असा की अहरोनप्रमाणे देवाने बोलावल्याखेरीज कुणीही हा मान स्वतःकडे घेऊ नये. त्याच्या बरोबर समोर पेरुजिनोचे चित्र: ख्रिस्त आपला शिष्य पेत्र याच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या देतो आहे, आणि पोप या पेत्राचेच वारस मानले जातात. मागच्या चौकात दोन कमानी, आणि त्यांवर शलमोनाच्या मंदिराशी या चॅपेलची तुलना. सिक्स्टस, तू संपत्तीत शलमोनाहून उणा असशील, पण धर्मनिष्ठेत त्याच्या वरचढ, असा त्या ओळींचा आशय. पोपच्या सत्तेला धर्मसभेचे बंधन असावे की नाही हा वाद त्या शतकात पेटलेला होता, आणि 1482मध्ये तर एका आर्चबिशपने बाझल इथे पोपविरुद्ध सभा भरवण्याचा प्रयत्न केला होता. बाकावर बसलेल्या कार्डिनलांच्या उजव्या हाताला किल्ल्या, डाव्या हाताला दुभंगलेली जमीन. याहून स्पष्ट कसे सांगायचे?

आता छताकडे. मुळात ते निळे होते, त्यावर सोनेरी तारे. पिएरमातेओ दामेलिया याने रंगवलेले. 1504मध्ये इमारतीचा पाया खचल्याने छताला मोठा तडा गेला. वास्तुकार ब्रामान्तेने लोखंडी ओढ घालून भिंती सावरल्या, पण दुरुस्तीची पट्टी ताऱ्यांच्या आकाशात उघडी पडली. छत नव्याने रंगवण्याचा विषय निघाला त्यामागे हे साधे बांधकामाचे कारण आहे. तेव्हाचा पोप ज्युलियस दुसरा हा सिक्स्टसचा पुतण्या. काकाच्या वास्तूचे काम पुतण्याने पुरे करावे, हा घराण्याचा मामला होता. त्यांचे आडनाव देल्ला रोव्हेरे, म्हणजे ओकच्या झाडाचे. छतावरचे नग्न तरुण जे जाडजूड हार पेलून बसले आहेत, त्यांत ओकची पाने आणि फळे ठासून भरली आहेत. ही सहीच म्हणायची, फक्त चित्रकाराची नव्हे.

10 मे 1508 रोजी मायकेलअँजेलोने स्वतःच्या टिपणात लिहिले की छताच्या कामापोटी पोपकडून 500 ड्यूकट मिळाले. मूळ बेत बारा प्रेषितांचा आणि बाकी नक्षीचा होता, मोबदला 3000 ड्यूकट. रंग, मदतनीस, गवंडी हा खर्च त्यातूनच. पुढे बेत बदलून उत्पत्तीच्या पुस्तकातले नऊ प्रसंग, सात संदेष्टे, पाच सिबिला (प्राचीन भविष्यवेत्त्या स्त्रिया) आणि ख्रिस्ताचे पूर्वज असा प्रचंड पसारा झाला. 500 चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग आणि 300हून अधिक आकृत्या. एवढे काम एकट्याने होत नाही. फ्लॉरेन्सहून ग्रानाच्ची, बुजार्दिनी वगैरे अनुभवी मंडळी बोलावली होती, कारण मायकेलअँजेलो शिल्पकार. फ्रेस्कोचा त्याचा सराव बेताचाच. त्याने सगळ्यांना हाकलून दिले असे वासारी सांगतो. पण सुरुवातीच्या भागांत दुसऱ्यांचे हात 1980नंतरच्या सफाईत स्पष्ट दिसले, आणि गिलावा मळणारा, रंग घोटणारा, खाका धरणारा माणूस तर शेवटपर्यंत लागतोच.

परांचीचीही गोष्ट मोठी आहे. ब्रामान्तेने छताला भोके पाडून दोरांवर टांगलेली परांची सुचवली. मग ती भोके नंतर बुजवायची कशी, हा मायकेलअँजेलोचा प्रश्न. त्याने खिडक्यांच्या वरच्या पातळीवर भिंतीत खाचा घेऊन त्यांत आधार बसवले आणि त्यांवर पायऱ्या-पायऱ्यांची, कमानीच्या वळणाला धरून जाणारी परांची उभी केली. जमिनीवर एकही खांब नाही. याचे कारण पुन्हा दरबार: खाली उपासना बंद ठेवता येत नव्हती. परांची एका वेळी निम्म्याच चॅपेलवर होती. 1980च्या सफाईत त्याच खाचा पुन्हा सापडल्या आणि नव्या परांचीसाठी वापरल्याही गेल्या. तो या परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून काम करत असे. त्याच्याच हस्ताक्षरातल्या एका कवितेच्या कडेला त्याने स्वतःचे चित्र काढले आहे: माणूस ताठ उभा, हात वर, मान मोडल्यासारखी. कवितेत गळ्याला गलगंड आल्याची आणि कुंचल्यातून तोंडावर रंग ठिबकल्याची तक्रार आहे. ‘पाठीवर झोपून’ ही समजूत एका लॅटिन शब्दाच्या चुकीच्या अर्थावरून आली. त्या शब्दाचा अर्थ होता ‘मागे झुकून’.

खालच्यांचे हालही नोंदलेले आहेत. पोपच्या विधींचा अधिकारी पॅरिस दे ग्रासिस याच्या रोजनिशीत 10 जून 1508 या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, तक्रार आहे: वर कामगार ठोकाठोक करत होते, धुरळा कार्डिनलांच्या अंगावर पडत होता, सांगूनही थांबेनात, शेवटी पोपला दोनदा निरोप पाठवावा लागला. जुना गिलावा खरवडण्याचे काम तेव्हा चालले होते. त्या छताखाली बसलेल्या धर्मसत्तेचे इतके घरगुती वर्णन दुसरीकडे मिळणार नाही.

आता फ्रेस्को म्हणजे काय, कारण लेखातला मुख्य गोंधळ इथे आहे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा आणि खड्ड्यात महिनोन्महिने मुरू द्यायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. त्यात वाळू मिसळून, साधारण एकास दोन, आधी खरबरीत जाड थर देतात. तो वाळला की त्यावर रोज फक्त त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच जागेवर पातळ, गुळगुळीत थर चढवतात, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. थोडा आवळला की खाका लावायचा: कागदावरच्या रेषांवर टोचून भोके पाडलेली असतात, कोळशाची पूड पुरचुंडीत बांधून वरून टिपत गेले की भिंतीवर ठिपक्यांची रेघ उतरते. मायकेलअँजेलोने पुढेपुढे हा वेळखाऊ प्रकार कमी करून कागदावरून अणकुचीदार सळईने ओल्या गिलाव्यात थेट ओरखडे ओढले. नंतर फक्त पाण्यात घोटलेले रंग. डिंक नाही, सरस नाही, अंडे नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत कोंडले जातात. यासाठी हाती असतात सहा ते आठ तास. त्यानंतर लावलेला रंग वरवर बसतो आणि पुढे पिठासारखा निघतो. चुकले तर खोडता येत नाही. तेवढा गिलावा तोडून दुसऱ्या दिवशी नवा. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उजळतो, त्यामुळे कालच्या छटेशी आजची जुळवणे हीच खरी परीक्षा. रंगही चुन्याला टिकणारेच चालतात: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचाच पांढरा. शिशाचा पांढरा वापरला तर काळा पडतो.

दिवसाचे काम संपले की उरलेला ओला गिलावा थापीने तिरपा कापून टाकतात. एका दिवसाच्या या तुकड्याला इटालियन कारागीर जोर्नाता म्हणतात. दुसऱ्या दिवशीचा तुकडा आधीच्या कडेवर किंचित चढतो, म्हणून तिरप्या उजेडात पाहिले की कुठला आधी, कुठला नंतर हे वाचता येते. छतावरचे आदमच्या निर्मितीचे चित्र सुमारे 16 तुकड्यांचे आहे. वेदीजवळचा, प्रकाश आणि अंधार वेगळे करणारा देव एकाच दिवसात झाला. सुरुवात प्रवेशद्वाराच्या बाजूने नोहाच्या कथेपासून झाली होती. तिथल्या जलप्रलयाच्या चित्रात माणसांची इतकी दाटी आहे की खालून नीट दिसत नाही. वेदीकडे येता येता आकृत्या मोठ्या आणि संख्येने कमी होत जातात. सुरुवातीला रोज दबकत काम करणारा माणूस शेवटी एका दिवसात देव उरकतो, हा बदल गिलाव्याच्या सांध्यांत मोजता येतो.

पहिलाच मोठा फटका बुरशीचा होता. काम थोडे पुढे गेले आणि रंगांवर पांढुरकी बुरशी आणि लोणा दिसू लागला. मायकेलअँजेलो हवालदिल झाला. हे माझे कामच नव्हे, असे तो पोपला म्हणाला, असे चरित्रकार लिहितात. पोपने वास्तुकार जुलियानो दा सांगालो याला वर पाठवले. निदान सोपे निघाले. फ्लॉरेन्सच्या सवयीने गिलाव्यात पाणी जास्त पडत होते. रोमचा चुना ट्रॅव्हर्टिन दगडाचा, तो सावकाश सुकतो. त्यात वाळूऐवजी पोझ्झोलाना ही ज्वालामुखीची राख मिसळतात. ती चुन्याशी रासायनिक संयोग करून घट्ट होते, पण मिश्रण पाणचट झाले की ओल आत अडकते, क्षार वर येतात आणि भिंतीला फुलोरा फुटतो. पावसाळ्यानंतर ओल आलेल्या भिंतीला लोणा लागलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. उपाय एकच, पाणी कमी करणे. खराब भाग तोडून पुन्हा केला आणि काम मार्गी लागले.

मग अडला तो पैसा. 1510च्या उन्हाळ्याअखेर पहिला अर्धा भाग होत आला आणि पोप फौज घेऊन उत्तरेला युद्धावर गेला. दुसऱ्या भागाची परांची उभारायला पैसे हवेत, सही करणारा बोलोन्यात. मायकेलअँजेलोला वसुलीसाठी तिथवर खेटे घालावे लागले. पहिला अर्धा भाग ऑगस्ट 1511मध्ये उघडला, आणि सगळे छत 31 ऑक्टोबर 1512ला, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळच्या उपासनेला. ज्युलियस फेब्रुवारी 1513मध्ये वारला. पुरे झालेले छत त्याला चार महिनेही लाभले नाही.

पापमुक्तीच्या पत्रांचा पैसा आपल्या लेखाने या छताला चिकटवला आहे. ती पत्रे सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या नव्या बांधकामासाठी होती. त्या बांधकामाची कोनशिला 18 एप्रिल 1506ला बसली, आणि 1515मध्ये ज्युलियसनंतरचा पोप लिओ दहावा याने जर्मनीतली विक्री मंजूर केली. तिच्यावरूनच 31 ऑक्टोबर 1517ला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये आपली 95 विधाने पुढे केली. तारखेचा योगायोग वाटतो खरा, पण तो पंचांगाचा आहे: दुसऱ्या दिवशी सणाची गर्दी असते, हे रोममध्ये जितके खरे तितकेच विटेनबर्गमध्येही.

खर्चाबाबत खरी गंमत वेगळीच आहे. लिओ दहाव्याने याच चॅपेलच्या खालच्या भिंतींसाठी, म्हणजे रंगवलेल्या पडद्यांवर टांगायला, चित्रकार राफाएलकडून दहा गालिचेवजा भित्तिवस्त्रांचे आराखडे करून घेतले. त्यासाठी राफाएलला सुमारे 1000 ड्यूकट मिळाले. विणकाम ब्रसेल्समध्ये पीटर व्हान आल्स्टच्या कारखान्यात झाले, प्रत्येकी सुमारे 1500 ड्यूकट. रेशीम, लोकर आणि सोन्याच्या जरीचा तो भाव. म्हणजे दहा वस्त्रे मिळून छताच्या ठरलेल्या मोबदल्याच्या पाचपट! त्या दरबाराच्या लेखी मौल्यवान काय होते, याचा आपला अंदाज इथे पार चुकतो. विणकर मागच्या बाजूने विणतात, म्हणून वस्त्रावर चित्र उलटे उमटते. राफाएलने सगळे आराखडे आरशातल्यासारखे उलटे काढले. पहिली सात 26 डिसेंबर 1519ला टांगली गेली. 1521मध्ये लिओ वारला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता आणि ही वस्त्रे गहाण पडली. 1527च्या रोमच्या लुटीत ती चोरीला गेली आणि मागाहून टप्प्याटप्प्याने परत आली.

पोप बदलला की भिंतीचे काय होते, तेही राफाएलनेच दाखवले आहे. शेजारच्या दालनात हूणांचा राजा अटिला याला रोमवरून परतवणाऱ्या पोप लिओ पहिल्याचे चित्र ज्युलियसच्या हयातीत सुरू झाले. काम संपेपर्यंत लिओ दहावा गादीवर आला, आणि घोड्यावरच्या प्राचीन पोपला त्याचा चेहरा मिळाला. पण लिओ कार्डिनल म्हणून आधीच चित्रात होता! त्यामुळे एकच जाडा मनुष्य एकाच भिंतीवर दोनदा दिसतो.

वेदीमागचा ‘अंतिम न्याय’ हा वेगळाच प्रकार. बेत पोप क्लेमेंट सातव्याचा, काम त्याच्यानंतरच्या पोप पॉल तिसऱ्याचे. 1 सप्टेंबर 1535ला पॉलने मायकेलअँजेलोला वर्षाला 1200 स्कुदीचे मानधन लावून दिले. त्यातले निम्मे रोख नव्हते, तर पिआचेंझाजवळच्या पो नदीवरच्या नावेच्या उताराचे उत्पन्न होते. म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनाचा खर्च नदी ओलांडणाऱ्यांच्या खिशातून. भिंतीसाठी पेरुजिनोची तीन चित्रे गेली. त्यात गुडघे टेकलेला खुद्द संस्थापक सिक्स्टस होता. मायकेलअँजेलोने स्वतःच रंगवलेली पूर्वजांची दोन कमानीखालची चित्रेही गेली, आणि दोन खिडक्या बुजल्या. सेबास्तियानो देल पियोंबो याने तैलरंगासाठी भिंत तयार करून ठेवली होती. ती मायकेलअँजेलोने उखडायला लावली आणि भाजक्या विटांची नवी पुढची भिंत बांधून घेतली, वरच्या बाजूला सुमारे 24 सेंटिमीटर पुढे झुकलेली. हेतू हा की धूळ बसू नये. धूळ थोडी टळली असेल, पण वेदीवरच्या मेणबत्त्यांची काजळी खालून वर जाते, आणि पुढे झुकलेली भिंत तिला आयती सापडते. काम 1536मध्ये सुरू झाले, उघडले 31 ऑक्टोबर 1541ला. छतावर निळा रंग जपून आहे, इथे मात्र लाजवर्दाच्या महागड्या निळ्याची उधळण आहे, कारण रंगाचा खर्च या वेळी पोपच्या खात्यावर होता.

नग्नतेचा वाद काम चालू असतानाच पेटला. विधींचा अधिकारी बियाजो दा चेसेना याने हे चित्र हमामखान्याच्या लायकीचे म्हटले. मायकेलअँजेलोने नरकाच्या न्यायाधीशाला त्याचा चेहरा आणि गाढवाचे कान दिले. पण लेखात म्हटल्याप्रमाणे ‘चर्चने लगेच कपडे चढवले’ असे झाले नाही. चित्र वीस वर्षांहून अधिक काळ तसेच होते. डिसेंबर 1563मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने चित्रांबाबत ठराव केला: प्रतिमांचा मान ठेवावा, पण त्यांत कामुकता नको, आणि रूढ नसलेली प्रतिमा बिशपच्या मंजुरीखेरीज लावू नये. पाठोपाठ जानेवारी 1564मध्ये हे चित्र झाकण्याचा निर्णय झाला. पुढच्याच महिन्यात, 18 फेब्रुवारीला, मायकेलअँजेलो वारला, आणि 1565मध्ये त्याचाच मित्र दानिएले दा वोल्तेर्रा याने वस्त्रे रंगवली. लोकांनी त्याला ‘चड्डीवाला’ हे नाव चिकटवले ते कायमचे. बहुतेक वस्त्रे त्याने वाळल्या भिंतीवर रंगवली. ती निघू शकतात. संत कॅथरिन आणि संत ब्लेझ यांचा भाग मात्र छिन्नीने तोडून, नवा गिलावा देऊन फ्रेस्कोतच केला. तो कायमचा गेला. मूळ कसे होते हे मार्चेल्लो व्हेनुस्ती याने 1549मध्ये केलेल्या प्रतीवरून कळते. ती नेपल्समध्ये आहे. 1990 ते 1994च्या सफाईत नंतरच्या शतकांतली काही वस्त्रे काढली, ट्रेंटनंतरची ठेवली, कारण तीही आता पोपपदाच्या इतिहासाचा पुरावा आहेत. निर्णय योग्यच वाटतो. ट्रेंटचे हे ठराव 1567च्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेतून गोव्यातही लागू झाले, हे आपल्या वाचकांना जवळचे वाटेल.

देखभालीची सोय पॉल तिसऱ्याने लावून दिली होती. 1543मध्ये चॅपेलच्या चित्रांवरची धूळ काढण्यासाठी स्वतंत्र पद निर्माण झाले आणि त्यावर मायकेलअँजेलोचाच मदतनीस उर्बिनो याला नेमले. पुढच्या शतकांत पावाच्या गराने पुसणे, दारूत भिजवलेले स्पंज फिरवणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे रंग खुलावेत म्हणून प्राण्यांचा सरस फासणे, असे उपाय झाले. सरस तेवढ्यापुरता चमकतो, मग काळवंडतो, काजळी धरतो आणि आकसताना रंगाचे पापुद्रे ओढून काढतो. 1980नंतरच्या सफाईत अमोनियम बायकार्बोनेट, सोडियम बायकार्बोनेट आणि बुरशीनाशक यांचे जेलमधले मिश्रण सुमारे तीन मिनिटे लावून पाण्याच्या स्पंजने काढले, आणि गरज पडल्यास 24 तासांनी पुन्हा. याने मायकेलअँजेलोने वाळल्यावर दिलेल्या शेवटच्या छटाही धुतल्या गेल्या, असा आक्षेप कलेतिहासकार जेम्स बेक यांनी जोरात घेतला. काही ठिकाणी तो पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही, पण मुख्य काम ओल्या गिलाव्यातले आहे हे जोर्नातांच्या सांध्यांवरून सिद्ध होते, आणि तिथे पाण्याने निघण्यासारखे काही नव्हते.

अजिंठ्याची तुलना याच कारणासाठी धोक्याची आहे. तिथला गिलावा मातीचा, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला. वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग डिंक-सरसासारख्या बंधकात कालवून कोरड्यावर लावलेले. तो फ्रेस्को नव्हे. तिथे पाण्याचा स्पंज फिरवला तर काजळीबरोबर चित्रही येईल. निजामाच्या राजवटीत 1920 ते 1922 या काळात लोरेंझो चेक्कोनी हे इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याला आले आणि सुटणारे पापुद्रे त्यांनी चिकटवले, हे मोठे काम होते. पण त्या वेळी वापरलेली लाख पुढे पिवळी-तपकिरी पडली आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांना ती इंचाइंचाने काढावी लागली. तेव्हा मराठीत भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला फ्रेस्को म्हणू नये. ‘भित्तिचित्र’ हा चांगला शब्द आहे, तो वापरावा.

शेवटी, लेखासोबत छापलेल्या छायाचित्राबद्दल. ते सफाईच्या आधीचे आहे. आदमच्या मागची पार्श्वभूमी चहाच्या रंगाची आणि गिलाव्याचे तडे काजळीने भरलेले दिसले की छायाचित्र जुने समजावे. आज ती पार्श्वभूमी फिकट, जवळजवळ पांढरी आहे. पूर्वीचा रंग किती काळा होता हे कळावे म्हणून काही लहान चौकोन मुद्दाम न पुसता ठेवले आहेत. पुढच्या वेळी 1990नंतरचे छायाचित्र घ्यावे, आणि जागा असेल तर बोत्तिचेल्लीच्या अहरोनचेही.

आपला,
भित्तिचित्रांच्या जतनाचा अभ्यासक
पुणे